निबंधावर पहिले नाव कुणाचे?

डॉ. सुमती बिरादार मॅडमची आणि माझी पहिली भेट झाली ती मी ओरडा खाल्ला तेव्हा. लातूरला स्त्रीरोग विभागात पदव्युत्तर शिक्षणासाठी मी नुकतीच रुजू झाले होते. मुदखेडहून आलेली, घाबरट, प्रत्येक वाक्याला "हो मॅडम" म्हणणारी. एका गर्भवतीचा रक्तदाब न मोजताच मी सकाळचा आकडा पुन्हा उतरवला. मॅडम मला त्या बाईंच्या खाटेशी घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "माफी माग. माझी न्हाई, ह्यांची." मी मागितली. बिचाऱ्या त्या बाईच ओशाळल्या.

उदगीरच्या दुकानदाराच्या घरात वाढलेल्या मॅडम बोलायला अशा रोखठोक. पण वसतिगृहात मला टायफॉइड झाला तेव्हा आठवडाभर त्यांच्या घरून मऊ भात येत होता, आणि डबा रिकामा परत गेला नाही तर संध्याकाळी चौकशीला मॅडम स्वतः येत होत्या.

शेवटच्या वर्षाची गोष्ट मात्र मला सगळ्यांना सांगायची आहे. गर्भवतींमधल्या रक्तक्षयावर मी दीड वर्ष माहिती गोळा केली होती, शोधनिबंधही लिहून तयार होता. मला तेव्हा सातवा महिना होता. एक सहकारी म्हणाले, "ताई, तुम्ही आता बाळंतपणात अडकणार. पहिलं नाव माझं राहू द्या, नोकरीला कामाला येईल." त्यांनी फक्त तक्ते करून दिले होते. तरी मला ते पटले, हे सांगायला आज लाज वाटते. आपण किती समजूतदार, असेही वाटले. मी माझ्याच हाताने क्रम बदलला आणि कागद मॅडमकडे सहीला नेले.

"बायकांना तपासलं कुणी?"

"मी."

"लिहिलं कुणी?"

"मीच."

"मग वर हे नाव कुणाचं हाय?"

"त्यांना गरज आहे, मॅडम."

"आन् तुला न्हाई? लेकरू झालं की डॉक्टरकी सोडून देणार हाईस का?"

मी रडले. मॅडमनी पाणी दिले, सही मात्र दिली नाही. त्या सहकाऱ्यांना बोलावून, आवाज न चढवता, त्यांनी काय काय केले तेवढेच विचारले. यादी दोन वाक्यांत संपली आणि त्यांनीच आपले नाव खाली घेतले. तसे ते भले गृहस्थ. मागितले की मिळते, हे त्यांना सवयीने ठाऊक होते.

पुढच्या तुकडीपासून मॅडमनी शिस्तच घालून दिली. अभ्यासातला पहिला रुग्ण तपासण्याआधी नावांचा क्रम वहीत लिहायचा आणि खाली सगळ्यांनी सह्या करायच्या. कुणाचे लग्न झाले, कुणी बाळंतपणाच्या रजेवर गेली म्हणून त्यात खाडाखोड नाही. वरिष्ठांनी थट्टा केली. मॅडमनी त्यांच्याही सह्या घेतल्या.

नांदेडला सहयोगी प्राध्यापकाच्या मुलाखतीत माझा तो निबंध पहिल्या नावामुळे मोजला गेला. मॅडमच्या कितीतरी विद्यार्थिनी आज अशाच ताठ मानेने उभ्या आहेत. वॉर्ड सांभाळणाऱ्यांत निम्म्याहून जास्त मुली दिसतात आणि वैद्यकीय नियतकालिक उघडले की त्यांची नावे दुसरी-तिसरी दिसतात, तेव्हा माझा संताप होतो. पण काय करायचे ते आम्हाला माहीत आहे.

मॅडमच्या पंचाहत्तरीनिमित्तच्या या ग्रंथासाठी त्यांच्या निबंधांची यादी करायचे काम माझ्याकडे आले. यादी अर्ध्या पानातच संपली आणि पहिले नाव मॅडमचे कुठेच नव्हते. मी फोन केला.

"अगं, मीपण तुझ्यासारखंच केलं. सगळ्यांना गरज होती. मला अडवायला कुणी न्हवतं."

मॅडमना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, ही प्रार्थना आम्हा सर्वांची आहेच. त्यांनी तीस वर्षे टिपलेल्या अवघड बाळंतपणांच्या नोंदी अजून घरच्या कपाटात आहेत. रविवारी आम्ही चौघी विद्यार्थिनी लातूरला येतोय. मॅडमनी सांगायचे, आम्ही लिहायचे. पहिले नाव सुमती बिरादार. आणि या वेळी मॅडमचे काहीही ऐकले जाणार नाही.