बाथरूममधली अळंबी

मी लिफ्ट दुरुस्त करतो. अडकलेल्या लिफ्टमधून माणसं बाहेर काढण्यात माझा हात धरणारा कोणी नाही, असं मीच सगळीकडे सांगत असतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही. स्वयंपाकघरात मात्र माझी मजल फ्रीज उघडून आत बघत उभं राहण्यापर्यंतच होती. मटण नसलेलं जेवण म्हणजे तोंडाला नुसता व्यायाम, असं माझं मत होतं, आणि ते मी कोणी न विचारता देत असे.

गेल्या वर्षी बायकोच्या पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. ती पडदे शिवते. घरी आली तेव्हा शिलाई मशीनपाशी बसून राहण्याइतकंही बळ तिच्या अंगात नव्हतं. आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं की प्रत्येक जेवणात प्रथिनं हवीत, नाहीतर जखम लवकर भरणार नाही. पण मटणाच्या नुसत्या वासाने तिला मळमळायचं. अंडं नको, दूध नको. तेव्हा बाई म्हणाल्या, हरकत नाही, सोयाबीन आहे, अळंबी आहेत, वाटाण्याचं पीठ आहे; शिवाय यांचा जमिनीवर आणि पाण्यावर भारही कमी पडतो. मी मान डोलावली. मला मोटरवरचा भार कळतो, जमिनीवरचा काही कळला नाही. पण विचारलं असतं तर अक्कल उघडी पडली असती.

पहिल्या दिवशी सोयाच्या वड्या आणल्या. त्या भिजवून पिळून घ्यायच्या असतात, हे पाकिटावर लिहिलेलं होतं. पाकीट वाचणं मला कमीपणाचं वाटतं. मी कोरड्याच रश्शात सोडल्या. त्यांनी रस्सा पिऊन टाकला आणि वर भांड्यालाही धरून बसल्या. बायकोने एक तोंडात घातली, बराच वेळ चावली आणि शेवटी रुमालात काढून ठेवली.

मग टोफू. सोयाबीन भिजवलं, वाटलं, गाळलं, दूध उकळलं. ते दोनदा उतू गेलं, कारण मी शेजाऱ्याला टोफू कसा करतात ते समजावून सांगत होतो. लिंबू पिळून ते फाडलं आणि फडक्यात बांधलं. आता वर वजन ठेवायचं होतं. लिफ्टच्या पाठीमागे तोल राखायला लोखंडी वजनं असतात, त्यातलं एक जुनं माझ्याकडे पडून होतं. ते ठेवलं. थोड्या वेळाने उचलून पाहिलं तर खाली चपलेच्या तळव्याएवढा पातळ टोफू, आणि बाकीचा फडक्यातून निघून ओट्यावर पसरलेला. मेहुणी तेव्हा बहिणीला बघायला आली होती. तिने तो तळवा उचलून उजेडात धरला आणि माझ्या पायाचं माप विचारलं.

तिनेच पुढे परदेशात आपल्या घरी परतल्यावर रातकिड्यांच्या पिठाचं पाकीट पाठवलं. तिकडच्या दुकानात म्हणे चांगलं खपतं. मी ते गुपचूप बिस्किटांत मिसळलं. बायकोने अर्धं बिस्कीट खाल्लं, चव विचारली, मी इकडचं तिकडचं बोललो. तेवढ्यात तिला डब्यामागचं पाकीट दिसलं. ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं.

"किडे खायला माझी ना नाही," ती म्हणाली. "पण काय खाते आहे ते मला आधी सांगायचं. ऑपरेशन पोटाचं झालंय, डोक्याचं नाही."

त्यानंतर मी अळंबीकडे वळलो. ओलावा हवा, ऊन नको, म्हणून बाथरूम ठरलं. उकळून थंड केलेला पेंढा पिशव्यांत भरला, त्यात अळंबीचं बियाणं पेरलं आणि लिफ्टच्या जुन्या पोलादी वायररोपने पिशव्या छताला टांगल्या. एका पिशवीला एवढा जाड दोर कशाला, असं बायकोने विचारलं. मी तिला सुरक्षिततेचे नियम सांगितले. काही आठवड्यांनी पिशव्यांच्या छिद्रांतून पांढरे कान फुटले. शेजारच्या निवृत्त शिक्षिका हात धुवायला आत गेल्या, सावकाश बाहेर आल्या आणि घरात सगळं बरं आहे ना, असं विचारून हात न धुताच गेल्या.

पहिली अळंबी मी तव्यावर परतली. मीठ, मिरी, थोडं तेल. बिघडायला फारसं काही ठेवलंच नव्हतं. ताट वाढणार एवढ्यात फोन आला. दोन गल्ल्या पलीकडे एक दंतवैद्य लिफ्टमध्ये अडकले होते. तवा झाकून मी धावलो. त्यांना सोडवून परत आलो तर झाकण बाजूला आणि तवा रिकामा. खिडकीत शेजारणीचं मांजर बसलेलं. मी त्याला त्याच्या सात पिढ्यांसकट ऐकवलं.

आतल्या खोलीतून बायको म्हणाली, "मांजराला बोलू नका. मी खाल्लं."

मी दारात जाऊन उभा राहिलो. मग सगळी का खाल्लीस, असा जगातला सर्वांत मूर्ख प्रश्न विचारला.

"तुम्ही समोर नव्हतात म्हणून," ती म्हणाली. "मी घास घेतला की तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत बसता. गिळला का, उतरला का, कुठवर पोचला. मी काय लिफ्ट आहे?"

मी खुर्चीवर बसलो. इतके दिवस दोष कधी वडीत, कधी पिठात, कधी लिंबात शोधत होतो. तिच्या घशात मीच अडकलो होतो. अडकलेली माणसं बाहेर काढणं हा माझाच धंदा, म्हणून आणखी लाज वाटली. ती मात्र हसत होती. हसताना टाक्यांची जागा दुखते म्हणून पोटावर हात धरून हसत होती.

त्या दिवसापासून मी तिला वाढून माझं ताट घेऊन गॅलरीत बसायला लागलो. ती सावकाश खायची. कधी टोफू, कधी वाटाण्याच्या पिठाचे कटलेट, कधी निम्मं टाकून द्यायची. मी वळून बघायचं नाही, असं ठरलं होतं. वळायची सवय जायला वेळ लागला. हळूहळू तिच्या गालांवर रंग आला आणि एके सकाळी मला मशीनचा आवाज ऐकू आला. पडदा दंतवैद्यांच्या दवाखान्याचा होता. सुटकेच्या आनंदात त्यांनी कामही देऊन टाकलं होतं.

तपासणीला आहारतज्ज्ञ बाई खूश झाल्या. मी संधी साधून त्यांना टोफूवर व्याख्यान दिलं, जमिनीवरच्या भारासकट. बायको खिडकीबाहेर बघत राहिली. बाईंनी शेवटी मला वजनकाट्यावर उभं केलं. गॅलरीत बसून तिचंच जेवण जेवल्याने माझं पोट आत गेलं होतं. मटण मी अजून खातो, पण आठवण झाली तर. सोयाच्या वड्या मात्र तीच करते. पिळायला मला बसवते आणि पाकीट मोठ्याने वाचायला लावते.