थंडीत तपासले

तयार नग तळहातावर घ्यायचा, अंगठ्याने एकदा फिरवायचा आणि म्हणायचं, "छान हाय. आता थंडीत बघू." आमच्या मिस्त्रींची शाबासकी एवढीच. यापलीकडे त्यांनी कशाचं कौतुक केलेलं मला आठवत नाही.

सत्तरच्या दशकाअखेर सातपूरच्या एका छोट्या कारखान्यात मी तपासणी कारकून होतो. प्रयोगशाळांसाठी आम्ही मायक्रोवेव्हचे प्रोब आणि ते धरून ठेवणारे पितळी माउंट बनवायचो. प्रोब म्हणजे सुईएवढी तार. ती अतिथंड भांड्यात उतरवून आत ठेवलेल्या पदार्थाच्या तुकड्याची विद्युत मोजमापं घेत. पण तेवढ्या थंडीत पितळ वेगळं आकसतं, आतलं टेफ्लॉन वेगळं. केसाएवढी फट पडली की सुई सुटली आणि मोजमाप खोटं. टेबलावर मात्र सगळं झकास दिसतं, हीच त्यातली गोम.

कारखान्याचे मालक, आमचे शेठ, यांच्याकडे नग गार करायची सोय नव्हती. मिस्त्रींनी ती जनावरांच्या दवाखान्यात शोधली. तिथे वळूंचं गोठवलेलं वीर्य द्रव नायट्रोजनमध्ये ठेवत. दर सोमवारी मिस्त्री सायकलला थर्मास लटकवून जात, कंपाउंडरकडून थोडा नायट्रोजन आणत आणि प्रत्येक नग तीनदा बुडवून मीटरला लावत. कामगार विचारायचे, "मिस्त्री, हा प्रोब गीरचा का जर्सीचा?"

"हसा. अजून गरम हाय तुम्ही."

एकदा मिस्त्रींच्या मुलीला बघायला पाहुणे आले. मुलगा घरात सगळ्यांना पसंत. मिस्त्री म्हणाले, "पोहे खाताना सगळेच पोरं गुणी राहतात." आणि न कळवता मनमाडला त्याच्या दारात जाऊन उभे राहिले. मुलगा आईवर खेकसत होता. बोलणी तिथेच मोडली.

माझ्या आकड्यांखाली मात्र ते डोळे झाकून सही करत. "तुमचं काय बघायचं, साहेब?"

असा विश्वास तुमच्यावर कुणी टाकला असेल, तर तो किती जड असतो ते तुम्हाला ठाऊक असेल. मला तेव्हा तो नुसता सोयीचा वाटला.

एकदा मुंबईच्या एका प्रयोगशाळेसाठी सहा नग तयार झाले. त्या सोमवारी दवाखान्यातच नायट्रोजन आला नव्हता. मिस्त्री म्हणाले, "एक आठवडा थांबू." शेठ म्हणाले, "माल आजच जाईल." 'थंडीत तपासले' या रकान्यात सही करायला मिस्त्रींनी साफ नकार दिला आणि पाळी संपल्यावर घरी गेले. शेठनी कागद माझ्यापुढे सरकवला. माझी नोकरी नुकतीच कायम झाली होती. मी मिस्त्रींची सही गिरवली. ती हुबेहूब आली म्हणून त्या क्षणी मला बरंही वाटलं. हे सांगायला आज लाज वाटते.

महिन्याभरात चार नग परत आले. थंडीत सुया सुटल्या होत्या. पाठोपाठ प्रयोगशाळेचे साहेबही आले. त्यांच्यासमोर शेठनी मिस्त्रींना कागद दाखवला.

"ही सही माझी नाय," मिस्त्री म्हणाले आणि माझ्याकडे बघत राहिले. मी खरं बोलेन याबद्दल त्यांना जराही शंका नव्हती.

"तुमच्यासमोरच केली ना त्यांनी?" शेठनी मला विचारलं.

"हो," मी म्हणालो.

त्याच दुपारी त्यांना काढलं. न तपासता सही करणारा मिस्त्री, ही बातमी दोन दिवसांत सातपूरभर झाली. पन्नाशी उलटलेल्या माणसाला मग कोण दारात उभं करणार? मी पुढे मुख्य तपासनीस झालो. माझ्यासारखेच होतात.

त्या दुपारी फाटकापाशी थर्मास सायकलला अडकवत ते म्हणाले, "चूक माझी हाय, साहेब. तुम्हाला तेवढं मी गरमीतच पास केलं." आवाज चढला नव्हता. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

पुढच्या सोमवारी दवाखान्यातून कंपाउंडरचा फोन आला. "नायट्रोजन आलाय. मिस्त्रींना म्हणावं, थर्मास घेऊन या."

"सांगतो," मी म्हणालो.