एकही कीड नसलेला पाला

लोणी काळभोरच्या एका गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून आम्ही दोघी पेरू खात होतो. विजूताईंनी पिण्याच्या बाटलीतले पाणी ओतून माझा पेरू तीनदा धुतला. मला हसू आले.

"हसा, मिस कॉन्व्हेंट. पोट तुमचंच आहे," ताई म्हणाल्या.

प्रयोगशाळेतला माझा तो दुसरा दिवस, पशुवैद्य डॉ. विजूताईंशी झालेली ती पहिली ओळख. समोर गाई पाला खात होत्या. तो धुवायचे मात्र आम्हा दोघींनाही सुचले नाही.

लशीची थंड पेटी मीच नेत असे. पुढे त्याच गोठ्यातली लस टोचलेली तीन वासरे लाळ्या-खुरकुताने गेली. "पेटीतला बर्फ वितळला असणार," ताई सर्वांसमोर म्हणाल्या. वासरे माझ्यामुळे गेली, असे मलाही वाटू लागले.

पण ताई स्वस्थ बसल्या नाहीत. त्याच पेटीतली लस विश्रांतवाडीच्या वासरांनाही टोचली होती. त्यांच्या रक्तात प्रतिकारशक्ती उत्तम होती. लोणीच्या उरलेल्या वासरांत जवळजवळ नव्हतीच. ताईंनी पाणी तपासले, मग चारा मागितला.

"बाई, पाला तर झ्याक हाय! एक कीड दावा त्यावर," गोठ्याच्या मालकीण गंगूबाई म्हणाल्या.

फ्लॉवरचा तो पाला उलटसुलट करून पाहत ताईंनी तपासायला पिशवीत भरला. तपासणीत फवारणीच्या औषधाचा अंश निघाला. अगदी थोडा, पण रोजचा; त्यानेच वासरांची प्रतिकारशक्ती दबून लस लागू पडली नव्हती. ना तोंडाला फेस, ना थरथर. जनावरे तुकतुकीत दिसत होती. गंगूबाई पाल्याकडे बघत म्हणाल्या, "म्या निवडून निवडून घातला गं." तो आवाज आजही माझ्या कानांतून जात नाही.

"गाय कोसळली तरच विषबाधा, असं मी इतकी वर्षं शिकवलं," ताई म्हणाल्या. पाला बंद झाला. पुढची लस लागू पडली. मग ताईंनी त्याच सर्वांना पुन्हा बोलावले. "पेटीला दोष दिला ती चूक माझी," असे सांगून त्यांनी मला हात जोडले. एवढ्या मोठ्या बाईंनी! मला रडू आवरेना.

ताई पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या, म्हणून हा सत्कार. त्यांचे पाय, डोळे आणि तिखट जीभ अशीच शाबूत राहोत. अजून पुष्कळ वर्षे त्यांनी आमचे पेरू धुवावेत.

सत्काराबाबत ताईंची चिठ्ठी आली आहे, ती संयोजकांनी पाळावी:

"शाल गंगूबाईंना. नारळ प्रयोगशाळेची गाडी चालवणाऱ्यांना. वह्या विद्यार्थ्यांना. पुष्पगुच्छ कुणालाच नको, आणि नंतर गाईपुढे तर मुळीच टाकू नये. लशीची पेटी मिस कॉन्व्हेंटना. बर्फ वितळला नव्हता."