हिरामण काकाचा स्टँड, दुसऱ्या हिरामणचं पेटंट

माझा काका खोटारडा नव्हता.
खोटं मी सांगितलं होतं.

काल सकाळी हिरामण काका गेला. मी इकडे मोरबीला, टाइल्सच्या कारखान्यात. मातीला पोचलो नाही.

आज सकाळपासून गावचा ग्रुप बघून राहिलो. "पेटंटवाले काका गेले." आणि खाली हसायची तोंडं.

अरे, मेलेल्या माणसावर हसता?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो.

गोंदिया जिल्ह्यात केशोरीकडे आमचं गाव. काकाचं सायकल दुरुस्तीचं दुकान. दुकान म्हणजे कडुनिंबाखाली एक पेटी आणि एक पंप. काकीला लकवा मारला आणि तिचा डावा हात गेला. धान पोत्यात भरायला दोन माणसं लागतात. एक पोत्याचं तोंड धरून उभा, दुसरा टोपल्यानं ओतणार.

काकी चिडायची. "एका पोत्यासाठी कोनाकोनाच्या पाया पडू मी?"

काकानं लहान सायकलची रिम घेतली. कॅरिअरचे चिमटे काढले. खाली तीन पाय वेल्डिंग करून आणले. रिममध्ये पोत्याचं तोंड अडकवायचं, चिमटे लावायचे. पोतं आ वासून उभं.

काकी एका हातानं भरायला लागली.

गावातल्या बाया त्याला "काकीचा हात" म्हणत. धानाच्या दिवसात तो हात घरोघरी फिरायचा. काकानं कुणाला नाही म्हटलं नाही. आज हसणाऱ्यांनाही नाही.

गोंदियाच्या कृषी प्रदर्शनात काकानं हा स्टँड नेला, तिथं एका साहेबानं स्टँडचा फोटो काढला, काकाचं नाव-गाव लिहून घेतलं. म्हणाला, "याचं पेटंट करून घ्या. नाहीतर कोणी उचलून नेईल."

काका रेशनकार्ड, जातीचा दाखला, चार फोटो घेऊन तालुक्याला सेतू केंद्रात गेला. तिथला पोरगा म्हणे, "काका, इथं उत्पन्नाचा दाखला निंगते. पेटंट नाही निंगत."

मग मला फोन.

"तुह्या मोबाइलमंदी पाह्य बरं, पेटंट कुठं भेटते त."

मी सातवी नापास. हातात नवा टच मोबाइल, त्याची गर्मी वेगळी. काकाचं नाव इंग्रजीत टाकलं.

आलं की! नाव तेच, आडनाव तेच, बाजूला पेटंट. एक नाही, तीन.

बाकीचं इंग्रजी मला वाचता आलं नाही. कुणाला विचारायचं होतं. विचारलं नाही. मला वाटलं, प्रदर्शनातल्या त्या साहेबानंच काम करून टाकलं.

"काका, झालं! तीन-तीन पेटंट! सरकारनं नाव चढवलं तुहं!"

"खरं का बे?"

"माह्या डोळ्यानं पाहून राहिलो ना!"

काकानं विहारात पेढे वाटले. स्टँडवर ऑइलपेंटनं लिहिलं, हिरामण टेंभुर्णे, पेटंट.

पुढच्या वर्षी एक दुकानदार गावात आला. टेप लावून स्टँड मोजायला लागला. शेजारी म्हणाले, "मोजू नको देऊ गा." काका हसला.

"मोजू दे नं. सरकारच्या कागदावर माहं नाव आहे. कुठं नेते तो?"

वरून एक स्टँड त्याला तसाच देऊन टाकला.

त्याच हंगामात त्याच्या दुकानात तसेच स्टँड लागले. हिरवा रंग. वर दुकानदाराचं नाव.

काका भांडायला गेला. दुकानदारानं गिऱ्हाइकांसमोर कॉम्प्युटर उघडला.

"देखो काका, ये हिरामण पुणे का इंजिनियर है. वॉशिंग मशीन के तीन पेटंट हैं इसके. फोटो देखो. ये आप हो क्या?"

सारे हसले. त्यात आपल्या गावचे दोघं होते. काका घरी पोचायच्या आधी त्याचं नवं नाव पोचलं. पेटंटवाला.

नंतर मी सुपरवायझरकडून सगळं वाचून घेतलं. त्या नावाचा एक रेल्वेत मोठा साहेब होता. एक दातांचा डॉक्टर. एक तो इंजिनिअर. कॉलेज कुठलं, नोकरी कुठं, बढती कधी, सारं ओळीनं. माझ्या काकानं अख्खा जन्म पंक्चर काढले, त्याची एक ओळ नाही.

इंजिनिअर साहेबाचा काय दोष? त्याचं त्यानं डोक्यानं कमावलं. पण दुकानदारा, तू काय केलं? टेप लावली!

काकानं मला शिवी दिली नाही. फोनवर एवढंच म्हणाला, "तो दुसरा हिरामण हाये म्हणते गा."

मी म्हटलं, "काका, मी सांगतो गावात. चूक माही आहे."

"कायले? तू एकटा परमुलखात. गावात तरी तुहं नाव राहू दे. माहं त गेलंच."

मग त्यानं कानस घेतली आणि स्टँडवरचं लिहिलेलं सारं घासून काढलं. काकी ओरडली, "काऊन घासता? तुमीच बनवला ना?"

"बनवला. पन पेटंट त्या मानसाचं हाये. दुसऱ्याचं आपल्या सामानावर लिवनं म्हंजे चोरी."

चोरी! हा शब्द काकाच्या तोंडात आला. दुकानदाराच्या नाही.

आणि मी? मी गप्प बसलो. पाच वर्षं. सुट्टीत गावी यायचो, चौकात कोणी पेटंटवाला म्हणालं की मान खाली घालून मोबाइल बघायचो.

म्हणून आज सगळ्यांसमोर लिहितो. पेटंटची गोष्ट काकानं रचली नव्हती. मी सांगितली होती, वाचता येत नसताना. परवा अर्जुनीला उतरतो. हसायचं असेल तर स्टेशनवर या, माझ्या तोंडावर हसा.

आणि आत्म्याला शांती वगैरे लिहू नका. आम्ही बौद्ध माणसं, आत्मा मानत नाही. लिहायचंच असेल तर खरं लिहा. पोतं भरायचा स्टँड हिरामण टेंभुर्णेनं बनवला, लकवा मारलेल्या बायकोसाठी.

काका, मी उशीर केला. माफ कर.

जयभीम काका. तुझ्या पुतण्याची आदरांजली.