बोटभाऊंची न चुकलेली फुंकर

समोरच्याचं वाक्य मध्येच तोडून बोट वर करायचं आणि म्हणायचं, "थांब. हे पाह्य, चुकली!" ही त्यांची सवय. म्हणून जामजवळच्या आमच्या सूतगिरणीत त्यांना सगळे बोटभाऊ म्हणत. चुकली म्हणजे फुंकर. कापसातून प्लास्टिकची पन्नी आली की कॅमेऱ्याला ती दिसायची, कॉम्प्युटर इशारा द्यायचा आणि हवेच्या फुंकरीनं पन्नी बाहेर उडायची. हे यंत्र या इलेक्ट्रिशियन माणसानं स्वतः जुळवलं होतं. आधी कॅमेऱ्याचा 'टक्', लगेच फुंकरीचा 'फट्'. मधलं अंतर केसभर वाढलं की पन्नी पुढे सटकायची आणि चांगला कापूस उडायचा. आम्हाला त्यातलं काही कळत नसे, भाऊंचं बोट मात्र वर गेलेलं असायचं.

"एवढा फास्ट कॉम्प्युटर, मंग उशीर काऊन करते?" मी त्यांच्या हाताखाली होतो, एकदा विचारलं.

"अरे बावा, त्यात लिनक्सचा कर्नल हाय, म्हंजे कॉम्प्युटर चालवणारा मुख्य प्रोग्राम. घरचा कारभारीच समज. आपलं काम चालू असतानी घडीघडी उठते. कधी घड्याळ पायते, कधी नेटवर्कचं दार उघडते, कधी मेमरीतलं डिस्कवर लिहून ठेवते. तेवढ्यात पन्नी पसार!"

मग त्यांनी दोन प्रोसेसरचा कॉम्प्युटर मिळवला. कर्नलची झाडलोट सगळी एका प्रोसेसरवर ढकलली, दुसरा फक्त कॅमेऱ्यासाठी मोकळा ठेवला. चुका खूप कमी झाल्या, पण थांबल्या नाहीत.

आणि हा माणूस स्वतः? कुणाचा मिक्सर, कुणाचा मोटरपंप, समुद्रपूरहून कुणी रेडिओ काखेत मारून आलेला. हाक आली की भाऊ उठलेच. माझं डोकं फिरायचं. "भाऊ, एखाद्याले तरी नाई म्हणा ना!" तर म्हणायचे, "इतक्या दुरून आला रे तो."

शेवटी गिरणीच्या शेठनी परदेशी यंत्राचा एजंट बोलावला. भाऊंना एकच शुक्रवार दिला. पूर्ण शिफ्टमध्ये एकही फुंकर चुकता कामा नये आणि तशी कॉम्प्युटरची नोंद दाखवायची, नाहीतर हे यंत्र भंगारात. भाऊंनी शेवटचा उपाय केला. डिस्कवर लिहिणंच शिफ्ट संपेपर्यंत थांबवलं, नोंद मेमरीत राहू दिली. लाइट गेली की ती पुसली जाणार हे त्यांना माहीत होतं. त्यासाठी यूपीएस होता. पण त्याची बॅटरी आदल्या दिवशी हेडमास्तर शाळेच्या गॅदरिंगच्या लाउडस्पीकरसाठी मागून गेले होते आणि सायकलच्या कॅरिअरवर बांधून ती पोचवून आलो होतो मीच! सकाळी देतो म्हणाले होते, दिली नाही.

"होऊ दे," भाऊ म्हणाले. "आजची लोडशेडिंग सकाळीच होऊन गेली."

त्या दिवशी भाऊंचं बोट एकदाही वर गेलं नाही. टक्-फट्, टक्-फट्, ऐकत बसावं असं. शिफ्ट संपायला दहा मिनिटं होती आणि लाइट गेली. जनरेटर लागून कॉम्प्युटर पुन्हा उभा राहिला, तेव्हा नोंदीची फाइल कोरी होती.

"शेठजी, मी सोता पायलं, एकही चुकली नाई," मी म्हणालो.

"तुझ्या डोळ्यांवर सूत विकू का मी?"

भाऊंनी आणखी एक दिवस मागितला. शेठनी एजंटच्या कागदावर सही केली. बॅटरीचं नाव भाऊंनी काढलं नाही आणि मीही काढलं नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

यंत्र भंगारात गेलं, तसं भाऊंनी काम सोडलं. मुलीकडे नागपूरला निघाले, तेव्हा जामच्या स्टँडवर सोडायला मी गेलो. राहवेना, म्हणून विचारलंच, "भाऊ, हेडमास्तरले 'नाई' काऊन नाई म्हटलं तुम्ही?"

ते काही सांगणार, तेवढ्यात पलीकडून चहावाला ओरडला, "भाऊ, हा टेप बंद पडला जी, जरासाक पाहून देता का?"

एसटी आली. मी हाका मारल्या. कंडक्टरनं बेल दिली, एसटी निघून गेली. भाऊ टेप उघडून बसले होते, आणि स्क्रू फिरवायचा पेचकस धरायला मला बोलावत होते.