अर्ध्या घाताचे मास्तर

आमच्या गणिताच्या मास्तरांइतका वर्गमुळाच्या चिन्हाचा वैरी साऱ्या खान्देशात दुसरा झाला नसेल. ते चिन्ह दिसलं की त्यांच्या कपाळाला आठी पडे. "पाचाचं वर्गमूळ म्हणू नये, पाचाचा अर्धा घात म्हणावं. घनमूळ म्हणजे एक तृतीयांश घात. छपराखाली आकडा कोंडायचा कशाला?" असं ते बजावत. स्वातंत्र्य नवंनवं होतं, त्यामुळे कोंडलेले आकडे मोकळे करणं हे त्यांना देशकार्यच वाटत असावं. शिंदखेड्याला एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी पत्रावळीवर बट्टीचे आठ तुकडे मांडले आणि शेजारी बसलेल्या व्याह्यांना आठाचा दोन तृतीयांश घात समजावू लागले. खालच्या तिनानं घनमूळ काढायचं, आले दोन; वरच्या दोनानं वर्ग करायचा, झाले चार. वाढपी तुपाचं भांडं घेऊन ताटकळला. "मास्तर, तूप वाढू का नही?" "थांब रे, अजून चार तुकडे बाजूला व्हायचेत!" व्याही बिचारे उपाशीपोटी मान डोलवत होते.

"घातावर घात आला की दोघांना गुणा, डोळे मिटून गुणा," हा मास्तरांचा मंत्र. मी तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात होते. आबा, म्हणजे माझे वडील, मला शाळेतून काढायच्या बेतात होते. मास्तरांनी घरी येऊन 'पोरीला गणित येतं' असं सांगितलं तरच परीक्षेला बसवीन, असं ते म्हणाले होते. नेमक्या त्याच दिवसांत मास्तरांनी फळ्यावर उणे तीन लिहिले, त्याचा वर्ग केला आणि त्यावर अर्धा घात ठेवला. दोन गुणिले अर्धा, एक. म्हणून उत्तर उणे तीन. मी भीत भीत उठले. "मास्तर, उणे तिनाचा वर्ग नऊ. मग नवाचा अर्धा घात अधिक तीन ना?" मास्तर खडू धरून फळ्याकडे बघत राहिले. पुन्हा करून पाहिलं. मग खडू खाली ठेवून त्यांनी वर्ग सोडून दिला. मला वाटलं, संपलं आपलं शिक्षण.

संध्याकाळी मास्तर घरी आले. ओट्यावर टेकायच्या आधीच म्हणाले, "आबा, आज माझं चुकलं. हिचं बरोबर होतं. पाया, म्हणजे मूळ आकडा, उणे असला तर डोळे मिटून गुणता येत नाही."

आबांना पायाबिया काही कळलं नाही, चुकलं एवढं मात्र कळलं. "मास्तरच चुकनात, तर पोर काय शिकी? घर ऱ्हाई ते भाकरी तरी शिकी."

म्हणजे मी घरी राहून भाकरी थापायला शिकायचं! मास्तर हात जोडून उभेच. "चूक माझी, आबा. पण धरली कुणी? इतक्या वर्षांत एकाही मुलाला ती दिसली नाही. हिला घरी बसवू नका."

आबांनी मास्तरांचे जोडलेले हात धरून खाली केले. मग म्हणाले, "बरं. सकाय धाडस तिले."

सकाळी मला शाळेत धाडणार! मला केवढा आनंद झाला! मास्तर पायरीशी वहाणा घालता घालता थांबले. "तू बसशील परीक्षेला, पोरी. पण आधी हेच चुकीचं शिकून गेले ते? धुळ्याला, जळगावला, कुठं कुठं पांगलेत. त्यांना आता कोण सांगणार?"

मास्तर वळून चालू लागले. शाळा मिळाली होती, आणि तरी त्यांना एकटं जाताना बघून मला रडू आलं.