लेकीच्या दारात नेलेलं घर

माझ्या पोरानं घर भाड्यानं घेतलं, तेही चाकावरचं. आत दोन पलंग, ओटा, फ्रिज, संडास, सगळं. मारुंजीकडं कंपनीत खुर्चीवर बसून काम करतो, त्यामुळं असलं काहीतरी सुचतं त्याला. म्हणाला, "आबा, आई गेल्यापासून तुम्ही नुसते भिंतीकडं बघत बसता. आठ दिवस कोकणात फिरू."

मी म्हणलं, "भिंत काय वाईट हाय? उलट तरी बोलत न्हाई."

पण पोरगा आणि सूनबाईबरोबर गेलो. कारण मी एका कावळ्याला शब्द दिला होता.

बायकोच्या दहाव्याला नदीवर पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. तासभर आम्ही उन्हात उभे. "पोराला सांभाळीन, तंबाखू सोडीन," सगळं कबूल करून झालं. कावळा आपला झाडावर आमच्याकडं पाठ करून बसलेला. शेवटी माझी बहीण कानात म्हणाली, "लेकीचं बोल की दादा." माझं डोकंच फिरलं. ओरडलो, "बरं बाई, जातो तिच्याकडं! आता तरी खा!" आणि ते काळं बेणं सरळ खाली उतरलं. चाळीस वर्षं माझ्याकडून सगळं असंच वदवून घेतलं हिनं. मेल्यावर सवय कुठली जाती?

लेक नऊ वर्षांपूर्वी आमच्याच चाळीतल्या भाडेकरूशी लग्न करून गेली. पोरगा कोकणातला, चाकणला फिटर होता. आमची जमीन कारखान्यांत गेली, उरलेल्या तुकड्यावर दहा खोल्या बांधल्या, आणि तेवढ्यावर मी स्वतःला राजा समजत होतो. राजाची पोरगी भाडेकरूच्या घरात? मी बोलणं टाकलं. बायको मात्र मोरीत नळ सोडून तिच्याशी फोनवर बोलायची. मला वाटायचं, हिला रोज एवढं काय धुवायचं असतं. मयताला लेक आली, बाजूला उभी राहिली आणि माझ्याशी न बोलता परत गेली.

माझ्याकडं एक सोयीचं कारणही होतं. आमच्यात लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं पाणी पीत नाही. तिला मूल नव्हतं. पण आता शब्द गेला होता, म्हणून मी तोड काढली. गाडी तिच्या दारासमोर लावायची आणि तिलाच आत बोलवायचं. शब्दही पाळला, रिवाजही. घाट उतरताना मला माझ्याच डोक्याचं लई कौतुक वाटलं.

तिसऱ्या दिवशी तिच्या गावात पोचलो. समुद्राकाठचं छोटंसं गाव, एक बाजारपेठ, बाकी सगळ्या नारळीच्या वाड्या. गल्लीच्या टोकाला, वाळूला लागून तिचं कौलारू घर. जावई कामावर गेलेला, ती एकटीच दारात आली. केस पिकायला लागलेत पोरीचे. मी गाडीच्या पायरीवरून म्हणलं, "ये, आत ये. चहा ठेवलाय."

"माझ्या दारात येऊन मलाच घरात बोलवताय?"

"पद्धत हाय आपल्यात."

"मूल न्हाई झालं, आबा. डॉक्टर म्हणतात, होणारबी न्हाई. मग काय, मी मरेपर्यंत असंच डब्यात बसून भेटणार का?"

ती आत गेली. दार मात्र लावलं नाही.

पोरगा म्हणाला, "बसा आता पद्धत सांभाळत," आणि सूनबाईला घेऊन समुद्रात डुंबायला निघाला. जाताजाता म्हणाला, "संडासाला कुलूप लावलंय. खालची टाकी भरलीय."

सकाळपासून माझे तीन चहा झाले होते. या वयात आतून निरोप आला की पाच मिनिटांच्या वर कोणी थांबत नाही. एक आडोसा बघून धोतर सावरलं, तोच एक बाई ओरडली, "ओ बाबा, तिथं नको! सुकट वाळत घातलीय!" दुसऱ्या बाजूला पोरांचं क्रिकेट. कुठं जायचं माणसानं? गेलो मग लेकीच्या दारात, जवळजवळ पळतच.

"संडास कुठंय?"

नऊ वर्षांनी लेकीच्या घरात बोललेलं हे माझं पहिलं वाक्य. तसं मी घाटात वेगळं भाषण तयार केलं होतं.

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मागच्या पडवीतनं उजवीकडं. बादली भरलेली हाय."

बाहेर आलो तर टॉवेल घेऊन उभी. हातावर पाणी घातलं. मग पाण्याचा तांब्या माझ्यापुढं ठेवला आणि परत तांदळापाशी बसली. तांब्याकडं बघत राहिलो असतो तर माझ्यापेक्षा मोठा गाढव कोणी नव्हता. उचलला आणि प्यायलो. पितरांना काय बोंबलायचं ते बोंबलू दे.

"आई शेवटी काय म्हणाली?" तिनं विचारलं.

त्या वेळी घरात मी एकटाच होतो, त्यामुळं हे सांगणारा दुसरा कोणी नव्हता. "तुझं नाव घेतलं" असं सांगायचं मी केव्हाच ठरवून ठेवलेलं. पण तिनं मान वर केली, आणि मला ते जमेना.

"ओट्यापाशी उभी होती. म्हणाली, 'दूध बघा, उतू जाईल.' आन खाली बसली."

"आन दूध?"

"गेलं उतू. सगळा ओटा भरला."

ती हसली. अगदी आईसारखी, नाकातून. हसताहसता ओढणीत तोंड घातलं आणि रडायला लागली. मला असल्या वेळी काय करायचं ते कधीच कळलेलं नाही. तिच्या शेजारी बसलो आणि ताटातला तांदूळ निवडायला लागलो.

थोड्या वेळानं नाक पुसत म्हणाली, "आबा, तुम्ही खडे ठेवताय आन तांदूळ टाकताय."

"चष्मा गाडीत राहिलाय. आणतो."

"राहू द्या तिकडंच," ती म्हणाली. "बसा."